शुश्रूषागृहाची परीक्षा : रुग्ण पाठविण्यापूर्वी वैद्याने काय पाहावे?

भाजे, पाटण, देवले, मळवली या गावांतील एखाद्या रुग्णास दाखल करण्याची वेळ आली की नातेवाईक प्रथम जवळच्या वैद्यास विचारतात, "कुठं न्यावं?" वैद्य लोणावळा, कामशेत, वडगाव किंवा तळेगाव येथील एखादे नाव सुचवितो, चिठ्ठी देतो आणि रुग्ण तेथे जातो. हे नाव बहुधा तेथील डॉक्टरांच्या परिचयावरून किंवा पूर्वीच्या एखाद्या रुग्णास आलेल्या गुणावरून सुचविलेले असते. त्या वास्तूत रात्री किती परिचारक असतात, नोंदणीची मुदत कधी संपते, आगीच्या वेळी रुग्ण कोणत्या दाराने बाहेर पडतील, याची माहिती चिठ्ठी देणाऱ्यासही नसते. रुग्ण मात्र वैद्याच्या शब्दावर विसंबून गेलेला असतो.

या प्रश्नास दुसरी बाजूही आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. पुढे लोणावळा-कार्ला-मळवली परिसर योग, निसर्गोपचार व पंचकर्म यांच्या निवासी उपचारांसाठी ओळखला जाऊ लागला. आपल्यापैकी अनेकांची स्वतःची पाच-दहा खाटांची केंद्रे आहेत. म्हणून दुसऱ्याच्या शुश्रूषागृहास जी कसोटी लावावयाची, तीच स्वतःच्या केंद्रासही लावली पाहिजे.

शास्त्राची भूमिका

चरकसंहितेतील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण अपेक्षिले आहेत. शुश्रूषागृह निवडताना आपण पहिला पाद, म्हणजे डॉक्टर, बारकाईने पाहतो. दुसऱ्याची चौकशी थोडीफार करतो. तिसऱ्याकडे मात्र क्वचितच लक्ष देतो.

सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय याहून अधिक व्यवहारोपयोगी आहे. वमन-विरेचनापूर्वी कोणते गृह, कोणती माणसे व कोणती सामग्री सिद्ध ठेवावी, हे त्यात क्रमाने दिले आहे. गृह दृढ असावे, झोत नसावा पण एका बाजूने वारा यावा, आत सुखाने वावरता यावे, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा, पाण्याची, स्नानाची, शौचाची व स्वयंपाकाची व्यवस्था असावी, असे तेथे सांगितले आहे. स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णास उठविणारे व निजविणारे, औषध वाटणारे अशी सेवकांची कामेही वेगवेगळी नोंदविली आहेत. इतकी सामग्री आधी का जमवावी, या शंकेचे समाधानही तेथेच आहे. आपत्ती उद्भवल्यावर विकत मिळण्याची सोय जवळ असली तरी औषधे तातडीने व यथायोग्य जमविणे सोपे नसते. आजच्या तातडीच्या औषधांच्या ट्रेमागील विचार हाच आहे.

या अध्यायातील एक विशेषण मावळातील वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. गृह 'अनुपत्यक' असावे, असे आचार्य म्हणतात. उपत्यका म्हणजे डोंगराच्या पायथ्यालगतची भूमी. जुलै १९८९ मध्ये अतिवृष्टीत भाजे गावावर दरड कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लोहगड-विसापूरच्या कुशीत निवासी केंद्र बांधताना किंवा तेथे रुग्ण पाठविताना हे विशेषण केवळ पाठांतरापुरते राहू नये.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम होय. तो आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम या नावाने ओळखला जातो. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देण्यासाठी वापरली जाणारी कोणतीही वास्तू शुश्रूषागृहाच्या व्याख्येत येते. प्रसूतिगृहही त्यात समाविष्ट आहे. चिकित्सापद्धती कोणती, यावर ही व्याख्या अवलंबून नाही. त्यामुळे रुग्णास रात्री मुक्कामी ठेवणाऱ्या पंचकर्म केंद्राने 'आमच्याकडे फक्त आयुर्वेद आहे' असे म्हणून नोंदणी टाळणे योग्य नव्हे.

अधिनियमानुसार नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. पात्र व्यक्तीची देखरेख नसणे किंवा परिचारिकांचे प्रमाण योग्य नसणे या कारणांवरून नोंदणी नाकारता येते. १४ जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्क सनद व दरपत्रक लावणे आणि तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणे आवश्यक केले आहे. यांखेरीज महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा द्यावे लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत.

ही कागदपत्रे असली म्हणजे परीक्षा संपली असे नव्हे. चरकाचार्यांनी रोगज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान असे तीन मार्ग सांगितले आहेत. शुश्रूषागृहाच्या परीक्षेतही तोच क्रम सोयीचा ठरतो.

१. आप्तोपदेश : नोंदी व तपासणी अहवाल

प्रथम दर्शनी भागातील नोंदणी प्रमाणपत्र वाचावे. त्यावरील नाव, पत्ता, खाटांची संख्या व मुदत प्रत्यक्षाशी जुळते काय, हे पाहावे. दहा खाटांची नोंदणी आणि आत सोळा खाटा असतील, तर परिचारिका, शौचालये व बाहेर पडण्याचे मार्ग हे सारेच नोंदणीच्या हिशोबाने अपुरे पडतात.

त्यानंतर तपासणीचा इतिहास पाहावा. तो शुश्रूषागृहाच्या भिंतीवर लावलेला नसतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडून तो मागविता येतो. अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारण १५० शब्दांच्या आत असावा. अर्जात पुढील चार गोष्टी मागाव्यात : शेवटच्या तीन तपासण्यांचे दिनांक, तपासणी अहवालांच्या प्रती, दिलेल्या नोटिसा, आणि नोटिशीतील त्रुटी दूर झाल्याचा पूर्तता अहवाल.

अहवाल वाचतानाही तारतम्य हवे. एकही नोटीस नाही, याचा अर्थ दोष नाही असा होईलच असे नाही. तपासणीच झाली नसेल तर नोटीस कोठून येणार? उलट, एका तपासणीत पाच त्रुटी आढळल्या व महिन्याभरात त्यांची पूर्तता झाली, तर तेथील व्यवस्थापन जागरूक आहे असे समजावे. तीच त्रुटी दोन-तीन अहवालांत पुनःपुन्हा आढळणे हे अधिक गंभीर लक्षण होय. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे अवैध गर्भपातांचा प्रकार उघडकीस आला आणि मग खासगी रुग्णालयांच्या तपासणीची मोहीम राज्यभर हाती घेण्यात आली. मोहिमेतील तपासणी व नियमित तपासणी यांत अंतर असते, हे दिनांक पाहताना विसरू नये.

२. प्रत्यक्ष : स्वतः जाऊन पाहणे

ज्या शुश्रूषागृहात आपण वर्षातून चार-सहा रुग्ण पाठवितो, तेथे वैद्याने वर्षातून दोनदा स्वतः जावे. त्यांपैकी एक भेट रात्री नऊनंतरची असावी. या आग्रहास कारण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बालके दगावली. सात बालकांना वाचविता आले. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुप येथील मॉलमधील रुग्णालयास आणि २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागास लागलेल्या आगीही रात्रीच्या होत्या. सर्वच दुर्घटना रात्री घडतात असे नाही. नोव्हेंबर २०२१ मधील अहमदनगर जिल्हा रुग्णालयातील आग दिवसा लागली व तीत ११ रुग्ण मृत्यू पावले. परंतु रात्री माणसे कमी असतात, रुग्ण झोपेत असतात आणि धूर लक्षात येण्यास विलंब लागतो.

भेटीत पुढील गोष्टी पाहाव्यात. दुसरा जिना आहे काय आणि तो सामानाने अडलेला तर नाही? बाहेरचे दार रात्री कुलूपबंद असल्यास किल्ली कोणाजवळ असते? खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या आतून उघडतात काय? अग्निशामक नळकांड्यावरील तारीख कोणती, आणि ते कसे वापरावे हे रात्रपाळीच्या मावशींना माहीत आहे काय? ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधलेले आहेत काय? खाटेजवळची घंटा दाबून पाहावी आणि कोणी येण्यास किती मिनिटे लागतात हे घड्याळात मोजावे. शौचालयात धरावयास दांडा आहे काय व जमीन ओली तर नाही, हेही पाहावे.

मावळात पावसाळ्याची भेट वेगळी करावी लागते. लोणावळ्यास वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भाज्याहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यास लागण्यासाठी द्रुतगती मार्ग, लोहमार्ग व इंद्रायणी ओलांडावी लागते. जुलै २०२४ मध्ये मळवली भागात पुराने वेढलेल्या बंगल्यांतून पर्यटकांना बाहेर काढावे लागले होते. तेथे एखादा शय्याग्रस्त रुग्ण असता तर काय झाले असते, याचा विचार निवासी केंद्रांनी करावा. जनित्र व विजेचे मुख्य फलक पाणी शिरेल अशा तळमजल्यावर आहेत काय, रस्ता बंद झाल्यास दुसरा मार्ग कोणता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मे महिन्यातच मिळालेली असावीत.

३. अनुमान : माणसांचा हिशोब

"आमच्याकडे चार सिस्टर आहेत," हे उत्तर ऐकून समाधान मानण्यापूर्वी साधे गणित करावे. तीन पाळ्यांप्रमाणे आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एक साप्ताहिक सुटी धरता एका परिचारिकेच्या वाट्यास सहा, म्हणजे चौघींच्या मिळून २४ पाळ्या येतात. उरलेल्या तीन पाळ्या रजा व आजारपण यांतच संपतात. याचा अर्थ असा की चार परिचारिका असलेल्या ठिकाणी कोणत्याही क्षणी एकच परिचारिका उपस्थित असते. त्यांपैकी दोघी एकाच वेळी काम करतात असे सांगितले जात असेल, तर काही पाळ्या रिकाम्या जात असल्या पाहिजेत. आणि त्या बहुधा रात्रीच्या असतात.

आता त्या एकटीच्या रात्रीचे काम पाहू. वीस खाटांपैकी पाच रुग्ण शय्याग्रस्त आहेत. शय्याव्रण टाळण्यासाठी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावयाचे आहे. रात्री दहा ते पहाटे सहा या काळात प्रत्येकास चार वेळा, म्हणजे एकूण वीस वेळा वळवावे लागेल. प्रत्येक वेळी दहा मिनिटे धरली तरी २०० मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे होतात. आणि या कामास दोन माणसे लागतात. त्याच वेळात सलाइन, औषधे, उर्वरित पंधरा रुग्णांच्या हाका आणि शौचालयापर्यंतचा आधार हेही सांभाळावयाचे आहे. अशा ठिकाणी शय्याव्रण झाला, तर दोष त्या परिचारिकेचा म्हणावा काय?

शिक्षणाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पांढऱ्या गणवेशातील प्रत्येक मुलगी परिचारिका नसते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात (१९९८) एका बालकास चुकीचे इंजेक्शन देणारी परिचारिका कोणत्याही परिषदेकडे नोंदलेली नव्हती. बालकाच्या मेंदूस कायमची इजा झाली व सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयास जबाबदार धरले.

रात्रपाळीचा निवासी डॉक्टर कोण, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे, कारण अनेक शुश्रूषागृहांत तो आयुर्वेदाचाच तरुण पदवीधर असतो. तो एकटा आहे काय, सलग किती तास काम करतो, मुख्य डॉक्टर बोलावल्यावर किती वेळात पोहोचतात आणि कोणते निर्णय त्याने एकट्याने घेऊ नयेत हे लेखी ठरले आहे काय, याची चौकशी करावी. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा भाग आहे, तशीच त्याची स्वतःची सुरक्षितताही त्या लेखी आदेशावर अवलंबून आहे.

सांगितलेले मनुष्यबळ व प्रत्यक्ष मनुष्यबळ यांतील तफावत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे मुख्यतः वृद्धांचे दीर्घकालीन शुश्रूषागृह. तेथील केंद्र शासन २००८ पासून अशा गृहांना तपासणी, मनुष्यबळ व सेवेची गुणवत्ता यांवरून एक ते पाच तारे देऊन ती माहिती लोकांसमोर ठेवते. आरंभी मनुष्यबळाचे आकडे गृहचालक स्वतःच कळवीत. २०१६ पासून ते पगारपत्रकाच्या आधारे कळविणे आवश्यक झाले. आपणही तोंडी आकडा न घेता गेल्या महिन्याचा पाळीतक्ता व हजेरीपट दाखविण्याची विनंती करावी. आपल्या रुग्णाचा तापमान-नाडीचा तक्ताही बोलका असतो. रात्रभराच्या सर्व नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या व तंतोतंत सारख्या असतील, तर त्या सकाळी एकत्र भरल्या असाव्यात असे अनुमान करण्यास हरकत नाही.

पंचकर्म केंद्र व औषधालय

आपल्या केंद्रांतील धोके काहीसे वेगळे आहेत. अभ्यंगानंतर तेलकट झालेली फरशी, स्वेदनासाठी वाफेची भांडी व गॅस, तेल तापविण्याची शेगडी यांमुळे पडणे व भाजणे संभवते. विरेचनाच्या रुग्णास वेग रात्रीपर्यंत चालू राहिल्यास अशक्तपणात शौचालयात भोवळ येण्याची भीती असते. त्या रात्री त्याच्याजवळ माणूस नेमलेला असलाच पाहिजे. वमन-विरेचनाचे दहा व्यापद सिद्धिस्थानात सांगितले आहेत. त्यांपैकी कोणता दिसल्यास काय करावयाचे, कोणास कळवावयाचे व रुग्ण कोठे हलवावयाचा, हे उपचारकक्षात लिहून लावावे. बस्तियंत्राची शुद्धी, रक्तमोक्षणाच्या सुयांची विल्हेवाट, आणि एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास न लावणे यांत सवलत नसावी.

औषधालयचालकांकडेही एक उपयुक्त साधन आहे, ते म्हणजे खरेदीची वही. वीस खाटांच्या ठिकाणी हातमोजे, सुया व जंतुनाशके महिन्याला किती जातात, हे पुरवठादारास कळते. खाटा भरलेल्या आणि हातमोज्यांची मागणी नगण्य, असे दिसले तर अनुमान सरळ आहे. शुश्रूषागृहाच्या औषधकपाटात गट क्रमांक व मुदतीची तारीख नसलेल्या बाटल्यांत ओतून ठेवलेली तेले, खवट झालेली घृते आणि कुलपाबाहेर ठेवलेले रसकल्प आढळल्यास पुरवठादाराने ते व्यवस्थापनाच्या निदर्शनास आणावे. माल विकला की आपले काम संपले, अशी वृत्ती व्यवसायास शोभणारी नाही.

चिठ्ठी देण्यापूर्वीचे आठ प्रश्न

१) नोंदणी चालू आहे काय व खाटांची संख्या तिच्याशी जुळते काय?
२) शेवटची तपासणी कधी झाली व त्रुटींची पूर्तता झाली काय?
३) या वर्षीचे अग्निसुरक्षेचे सहामाही प्रमाणपत्र आहे काय?
४) आज रात्री नोंदणीकृत परिचारिका किती व त्यांच्याकडे रुग्ण किती?
५) रात्रीचा डॉक्टर कोण व मुख्य डॉक्टर किती वेळात येतात?
६) तातडीची औषधे व ऑक्सिजन सिद्ध आहेत काय?
७) प्रकृती बिघडल्यास रुग्ण कोठे व कसा हलविणार?
८) दरपत्रक व रुग्णहक्क सनद दर्शनी भागी आहे काय?

सर्व उत्तरे मनासारखी मिळणारे शुश्रूषागृह दर वेळी जवळ सापडेलच असे नाही. अत्यवस्थ रुग्णास जवळच्या ठिकाणी नेणे भागच असते. तेथे प्रश्नावली काढून बसणे उचित नाही. म्हणूनच ही परीक्षा निवांत काळात करून ठेवावी व तिची नोंद स्वतःच्या वहीत असावी. एका तालुक्यातील पाच-सहा वैद्यांनी शुश्रूषागृहे वाटून घेतली, तर वर्षाच्या आत सर्वांची माहिती एकत्र होऊ शकेल. ज्या ठिकाणी उणीव आढळेल, तेथे प्रथम व्यवस्थापनास लेखी कळवावे, दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे आणि तरीही सुधारणा नसेल तर रुग्ण पाठविणे थांबवून नोंदणी करणाऱ्या कार्यालयास कळवावे. आपल्या केंद्रातील पाळीतक्ता मात्र यासाठी कोणाचीही वाट न पाहता आजच काढून पाहावा, आणि रात्रीच्या रकान्यात नेमकी किती नावे आहेत ते मोजावे.